गाणाऱ्या पोरीला गुरू द्या

पांढुर्णा-सौसरकडच्या आईबापांना, काका-मामांना आणि भजनी मंडळांच्या बुवांना ही विनंती आहे. गणपती-नवरात्रात आपल्याकडे एखादी पोर अशी गाते की मांडवातली कुजबुज थांबते. लोक म्हणतात, देवाची देणगी आहे. मग तिला बक्षिसाचा डबा देतात आणि पुढच्या नवरात्रापर्यंत तिला विसरतात. त्या देणगीला शिक्षण लागतं, हे कोणी बोलत नाही.

शिक्षणाने अशा देणगीचं काय होतं, ते एका उदाहरणात बघा. पॅट्रिशिया रोझारिओ या मूळच्या गोव्याच्या कुटुंबातल्या, मुंबईत जन्मलेल्या. लंडनच्या गिल्डहॉल संगीतशाळेत त्या शिकल्या आणि ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या, सोप्रानो झाल्या. सोप्रानो म्हणजे बायकांच्या आवाजातल्या सगळ्यात वरच्या पट्टीची गायिका. जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकाराने त्यांच्या गळ्यासाठी तीसहून जास्त रचना केल्या. २००१ मध्ये त्यांना ब्रिटनचा ‘ओबीई’ सन्मान मिळाला. एवढं नाव झाल्यावरही त्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गायन शिकवतात. पती मार्क ट्रूप पियानो वाजवतात. दोघांनी २००९ मध्ये ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ हा उपक्रम सुरू केला आणि आपल्या देशात येऊन तरुण मुलामुलींचे गळे तयार करायला घेतले.

ऑपेरात माइक नसतो. समोर पन्नास-साठ वादक वाजवत असतात आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा असतो. सोप्रानो आपल्या वरच्या ‘सी’ स्वराला जाते तेव्हा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे तिचे स्वरतंतू सेकंदाला हजाराहून जास्त वेळा कंप पावतात. हे ओरडून होत नाही. त्यासाठी श्वास, जबडा, जीभ यांच्यावर वर्षानुवर्षं मेहनत घ्यावी लागते, आणि समोर बसून चूक धरणारं माणूस लागतं.

आपल्याकडे काय होतं ते बघा. भजनाची पेटी पुरुषांच्या सोयीने काळी एक नाही तर काळी दोनला लावलेली असते. मुलीची पट्टी साधारण काळी चार-पाचची. मग खाली गायली तर तिचा आवाज दबतो आणि वर गायली तर फाटतो. त्यात बारा-चौदा वर्षांच्या वयात मुलींचाही आवाज बदलतो, थोडा वारा सुटल्यासारखा येतो. नेमक्या त्याच वयात आपण तिला रात्रभर जागरणात बसवतो आणि वर म्हणतो, ‘जोरात म्हण!’ बुवा, तिच्या गाण्यापुरती तरी पट्टी बदला. एवढ्याने कोणाचं काही जात नाही.

आवाज बसला तर तिला गप्प बसू द्या, पाणी प्यायला द्या. कुजबुजत बोलण्याने गळ्याला आराम मिळत नाही. दोन-तीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर घरगुती काढ्यावर दिवस काढू नका, नाक-कान-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

गुरू गावात मिळाला तर उत्तमच. नाही तर नागपूर काही परदेश नाही. आपली माणसं लग्नाच्या खरेदीला, दवाखान्याला जातातच ना? महिन्यातून दोन रविवार पोरीच्या गाण्यासाठी काढा. पहिल्या दिवशी शिक्षकाला विचारा, हिची पट्टी कोणती? ती न बघता जो एकदम गाणं बसवायला घेतो, तिथून उठा. शिकवणीहून आल्यावर पोरीचा घसा दुखत असेल तर तेही शिक्षकाशी बोला. टीव्हीच्या स्पर्धेची घाई मात्र करू नका, कोवळ्या गळ्याला ती परवडत नाही.

‘शेवटी गाण्याची मास्तरीणच होणार ना?’ असं म्हणणारे भेटतील. त्यांना मोगूबाई कुर्डीकरांचं नाव सांगा. गोव्याच्या कुर्डी गावच्या त्या माउलीने मैफली गाजवल्या आणि किशोरी आमोणकर, पद्मा तळवलकर यांना शिकवलंही. चांगली शिक्षिका होणं ही मानाची आणि पोट भरणारी वाट आहे.

आणि मंडळवाल्यांनो, यंदाच्या वर्गणीत डीजेचे पैसे थोडे कमी करा. त्यातून आपल्याच मोहल्ल्यातल्या एका गरीब घरच्या मुलीची वर्षाची फी आणि नागपूरचं भाडं भरा. तिचं नाव घटस्थापनेच्या आधी ठरवा.