प्रश्न आमचा, पदवी कुणाची?

मागच्या महिन्यात बुलढाण्याच्या बैठकीत उपकेंद्रावरच्या एका सिस्टरने विचारलं, “वीस वर्षं गावोगाव फिरतेय. बायका जे सांगतात त्यातलं निम्मं आमच्या नोंदवहीत बसतच नाही. यावर मी पीएच.डी. केली तर?” काही जणी हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर वाटलं, यात हसण्यासारखं काय होतं?

पीएच.डी. म्हटलं की आपल्याला प्राध्यापक आठवतात, आणि कपाटात पडून राहिलेला प्रबंध. पण कामातून उठलेला प्रश्न घ्यायचा, काम करता करताच त्याचा शोध घ्यायचा आणि हाती आलेलं उत्तर पुन्हा कामावर लावून पाहायचं, अशीही डॉक्टरेट असते. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी ती १९९२ मध्ये सुरू केली. नर्सेससाठीही परदेशात अशी पदवी आहे.

अशा शोधाची ताकद आपण विदर्भातच पाहिली आहे. गडचिरोलीत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, हा समज त्याने हलवला. हा अभ्यास पदवीसाठी नव्हता. पण प्रश्न रोजच्या कामातला होता, म्हणूनच तो नेमका होता.

मग आमच्या सिस्टरचं काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत नोकरी सांभाळून पीएच.डी. करायला वाव आहे. मात्र त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. म्हणजे ज्या कामातल्या उणिवा ती मांडणार, त्याच कार्यालयात परवानगीसाठी तिने उभं राहायचं. शिवाय घर, ड्यूटी, फी आहेच.

काही मैत्रिणी म्हणतील, पदवी मिळाली की ती खुर्चीत बसेल आणि गाव विसरेल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच आपली मागणी नुसत्या पदवीची नसावी. पगारी अभ्यासरजा हवी. मार्गदर्शकांइतकाच गावातल्या बायकांचा शब्द मोजला जावा. प्रबंधाचा निष्कर्ष आधी मराठीत, त्याच उपकेंद्राच्या ओट्यावर वाचला जावा.

याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं, तेव्हा त्यांच्यापाशी कुठली पदवी नव्हती. बाईला विचार करायला पदवी लागत नाही. पण तिचं म्हणणं नोंदवहीत, नियमांत आणि अंदाजपत्रकात उतरवायचं तर आज पदवीचं वजन उपयोगी पडतं. ते वजन नेहमी दुसऱ्यांच्याच पारड्यात का पडावं?

त्या सिस्टरची मी माफी मागितली आहे. तुमच्या गटात अशी कुणी प्रश्न घेऊन बसली असेल तर हसू नका. तिचा प्रश्न आधी लिहून घ्या.