गाठीला औषध देण्यापूर्वी

वऱ्हाडातील स्त्रीला स्तनात गाठ लागली, तर ती प्रथम कोणाकडे जाते? कर्करोगतज्ज्ञाकडे क्वचितच. ती तालुक्याच्या वैद्याकडे येते, अथवा औषधालयात जाऊन ‘गाठीवर काहीतरी द्या’ म्हणते. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा येथील व्यावसायिकांस हे नव्याने सांगावयास नको. त्यामुळे स्तनकर्करोगाचे निदान हा केवळ मोठ्या रुग्णालयांचा विषय आहे, असे आम्ही मानीत नाही. निदान वेळेवर होणार की वर्षभराने, हे पुष्कळदा आपल्याच चिकित्सालयात ठरते.

या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. स्तनातील गाठ कशाची आहे हे तपासणीने ठरल्यावाचून तिच्यावर गुग्गुळकल्प, लेप वा रक्तमोक्षण यांपैकी काहीही सुरू करू नये.

हा आग्रह शास्त्राबाहेरचा नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन केले आहे. ते गोल, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे असते. नेमक्या याच लक्षणांमुळे रुग्णा निश्चिंत राहते. ‘दुखत नाही ना, मंग कायले दवाखाना?’ हा प्रश्न आपण सर्वांनी ऐकला आहे. वेदना नसणे हे अभय नव्हे, हे तिला समजावून सांगणारा पहिला माणूस वैद्यच असावयास हवा. षट्क्रियाकालाचा सिद्धान्तही हेच शिकवितो, की व्याधी जितक्या आधीच्या अवस्थेत ओळखावा तितका तो सुकर. चरकाचार्यांनी तर असाध्य व्याधीची चिकित्सा हाती घेणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असे बजाविले आहे. साध्य असलेला व्याधी आपल्या औषधाच्या कालावधीत असाध्य झाला, तर ती हानी वैद्यापुरती राहत नाही. एका घराची आई जाते.

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही आपली त्रिविध परीक्षा येथे किती उपयोगी आहे, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने १९९८ साली ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग तुलनेने आधीच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्युसंख्येतील असा लाभ दिसला नाही, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. तरीही प्रशिक्षित हात किती काम करू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

शासनाच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, अशी योजना आहे. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीही झालेल्या स्त्रिया देशभरात शंभरात एकही भरल्या नाहीत. जागतिक आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण व ९८ हजार मृत्यू झाले. या दोन आकड्यांमधील संबंध सुज्ञांस सांगणे नलगे.

गाठ आढळल्यावर पुढील मार्ग तीन पायऱ्यांचा आहे: हाताने तपासणी, मग मॅमोग्राफी वा सोनोग्राफी, आणि संशय असल्यास सुईने तुकडा काढून बायोप्सी. तरुण स्त्रीच्या स्तनाची घनता अधिक असल्याने तेथे सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. ‘सुई लावली की रोग पसरतो’ हा समज निराधार आहे. तो आपण आपल्या तोंडून खोडून काढावा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही सांगावे, म्हणजे भीतीपोटी तपासणी टळणार नाही. अमरावती व अकोला येथे जिल्हा स्त्री रुग्णालये आहेत, अकोल्यात संत तुकाराम कर्करोग रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. प्रत्येक रुग्णेने मुंबईची गाडी धरावी अशी स्थिती आता नाही. खर्चाची धास्ती घेणाऱ्या कुटुंबास महात्मा फुले जन आरोग्य योजनेची माहिती द्यावी. २०१२ साली ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होते.

औषधालयाच्या मालकबंधूंना आमची वेगळी विनंती आहे. कांचनार गुग्गुळ मागणाऱ्यास ‘गाठ कोठे आहे?’ हा एक प्रश्न विचारावा. उत्तर ‘छातीत’ असे आल्यास डबी देण्याऐवजी वैद्याकडे पाठवावे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे. तसा फलक वा पत्रक दुकानात नसावे.

काही वैद्यांस वाटते, की रुग्णा एकदा तिकडे पाठविली की परत येत नाही. आमचे म्हणणे याउलट आहे. वेळेवर योग्य ठिकाणी पाठविणाऱ्या वैद्यावर कुटुंबाची श्रद्धा वाढते. शस्त्रकर्म वा केमोथेरपी चालू असता अग्नी, निद्रा, पथ्य यांविषयी आपला सल्ला तिला हवाच असतो. मात्र त्या काळात कोणतेही औषध कर्करोगतज्ज्ञांना कळविल्यावाचून देऊ नये.

कार्यवाही अवघड नाही. प्रत्येक चिकित्सालयात स्त्री परिचारिकेच्या उपस्थितीत तपासणीची सोय असावी. गाठीच्या रुग्णांची स्वतंत्र वही ठेवावी; चिठ्ठी दिल्याची तारीख लिहावी व पंधरा दिवसांनी विचारणा करावी. जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या भेटीपासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे, अशी मर्यादा घातली आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या भगिनी मजुरी सोडून शहरात जाणार नाहीत, म्हणून तपासणीची शिबिरे वेचणी सुरू होण्यापूर्वी घ्यावीत. अमरावती व अकोला येथील आयुर्वेद महाविद्यालयांनी महिला वैद्यांसाठी स्तनपरीक्षणाचे प्रशिक्षण वर्षातून एकदा आयोजित करावे आणि संघटनेच्या जिल्हा शाखांनी त्याचा भार उचलावा, असा प्रस्ताव आम्ही मांडीत आहोत. पुढील सर्वसाधारण सभेत त्यावर निर्णय व्हावा, ही नम्र अपेक्षा.