‘ताबा सुटला’ एवढं लिहून भागतं का?

परवा रात्री आईला आणायला जेऊर स्टेशनवर गेलो होतो. पुण्याहून बहिणीकडून येत होती. रेल्वे लेट, त्यामुळं निघायलाच साडेआठ वाजले. आई मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर पिशवी. करमाळ्याकडं येताना पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला, दोन ट्रॉल्या जोडलेला. हंगामात या रस्त्याला हे रोजचंच. दोन-तीन किलोमीटर त्याची धूळ खाल्ली आणि समोर मोकळं दिसल्यावर गाडी बाहेर काढली.

मागची ट्रॉली ओलांडली, पुढच्या ट्रॉलीच्या चाकाजवळ आलो आणि खाडकन आवाज झाला. ॲक्सिलेटर पिळतोय तर इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडीला ओढच नाही. तेवढ्यात समोर दिवे दिसले. डावीकडं हातभर अंतरावर ट्रॉलीचं चाक, आत घुसायला जागा नाही. ब्रेक दाबत गाडी मागं पडू दिली, शेवटची ट्रॉली शेजारून सुटली तसा तिच्या मागं डावीकडं घुसलो. समोरचा टेम्पो शिव्या दिल्यासारखा हॉर्न वाजवत गेला. सगळं मिळून आठ-दहा सेकंद. आई म्हणाली, “काय झालं रं? पेट्रोल संपलं का?”

चेन तुटली होती.

(हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं, आईच्या नव्हतं. त्यावर कमेंट येणार हे माहीत आहे. चूक मान्य.)

घरी पोचल्यावर बायकोला मी सांगितलं, नशीब बलवत्तर म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी गॅरेजवर मिस्त्रीनं हे नशीब-बिशीब पार उतरवलं. दिवाळीआधीच तो म्हणाला होता, “साहेब, चेन-स्प्रॉकेट गेलंय, पूर्ण सेट टाका.” हजार-बाराशेचा खर्च. मी म्हणालो, दिवाळी होऊ दे. चेन ताणायची जागा संपली होती, म्हणून त्यानं कड्यांची एक जोडी काढून ती परत जोडली. जोडताना नवीन लॉक टाकतो म्हणाला, तर मीच म्हणालो, जुनंच टाक रे, चालतंय. परवा त्याच लॉकची क्लिप उडाली आणि चेन सुटली. म्हणजे तुटली असं म्हणणंसुद्धा तसं खोटं आहे.

चेन ‘लांबते’ असं आपण म्हणतो, पण पोलाद काही रबरासारखं लांबत नाही. प्रत्येक कडीत पिन असते, तिच्याभोवती बुश असतो, ते एकमेकांवर घासून झिजतात. शंभराहून जास्त कड्या, प्रत्येकीत केसभर फरक, तो मिळून चेन ढिली पडते. मग ती स्प्रॉकेटच्या दातांवर नीट बसत नाही आणि दात आकड्यासारखे वाकडे होतात. अशा दातांवर नवी चेन टाकली तर तीही लवकर जाते, म्हणून तिन्ही वस्तू एकदम बदलायच्या. कड्या काढल्यानं चेन तेवढी आखूड होते, झिजलेली पिन झिजलेलीच राहते. मला हे चाळिशी ओलांडल्यावर कळलं, आणि मी अठराव्या वर्षापासून गाडी चालवतोय.

मिस्त्रीनं दुसरी गोष्ट सांगितली ती मला जास्त लागली. चेन उभ्या गाडीत तुटत नाही. तिच्यावर सगळ्यात जास्त ओढ असते तेव्हा तुटते. म्हणजे चढाला, डबलसीट असताना, दुधाचे कॅन लावलेले असताना, नाहीतर ओव्हरटेक करताना. जिथं गाडीनं दगा द्यायला नको, नेमकं तिथंच. आणि तुटलेली चेन दर वेळी गुपचूप खाली पडेलच असं नाही. पुढच्या स्प्रॉकेटजवळ गोळा होऊन अडकली तर इंजिनचा केस फोडते, मागचं चाक जागेवर जाम करते. माझी मागं कव्हरात गोळा झाली. तेवढंच ते नशीब.

आता माझ्या धंद्याचं बोलतो, कारण पोस्ट लिहायला बसलो ती त्यासाठी.

वीस वर्षांत मी अपघाताच्या किती बातम्या दिल्या याचा हिशेब नाही. दुचाकी घसरून गेलेल्या माणसाची बातमी मला झोपेतसुद्धा लिहिता येते. ‘भरधाव दुचाकीवरील ताबा सुटल्याने’... पुढं नाव, वय, गाव. परवा माझं काही झालं असतं, तर माझ्याच सहकाऱ्यानं हेच लिहिलं असतं, ओव्हरटेकच्या नादात ताबा सुटला. चेनचा उल्लेख कुणी केला नसता. तीस-पस्तीसच्या वर मी गेलो नव्हतो, तरी ‘भरधाव’ शब्द लागलाच असता, कारण तो शब्द आमच्या बोटांत बसलाय. ताबा सुटला हे खरं असतं, पण तो का सुटला हे मी स्वतः किती वेळा विचारलं? खरं सांगतो, आठवत नाही.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. सरकारी तक्त्यात ७० टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. वेगानं माणसं मरतात यात वाद नाही. पण त्या रकान्यात आमच्यासारख्यांचे ‘ताबा सुटला’वाले किती असतील, ते तक्ता बघून कळत नाही. अपघातातल्या गाडीची मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी करायची तरतूद कायद्यात आहे. तो अहवाल फाइलला लागतो आणि आम्ही पत्रकार पंचनाम्याच्या पुढं जात नाही. बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते ना.

चौकात पोलीस गाडी अडवतात तेव्हा लायसन, विमा, पीयूसी बघतात. धूर मोजला जातो. चेन, ब्रेक, टायर कोण बघतं? खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, तोपर्यंत तिला तपासणीला कुणी बोलवत नाही. पंधरा वर्षं! जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं, फ्लेक्स लागतात, हेल्मेट रॅली निघते, आम्ही फोटो छापतो. त्या रॅलीतल्या गाड्यांच्या चेन एकदा तपासा म्हणावं.

यात गरिबाला शहाणपण शिकवायचा माझा हेतू नाही. ज्याच्या वस्तीवर एसटी येत नाही, त्याची पोरगी कॉलेजला, बाप दवाखान्यात आणि दूध डेअरीला एकाच गाडीवर जातं. त्यानं खर्च कुठं वाचवावा? विमा नसेल तर दंड होतो, पेट्रोलशिवाय गाडी हलत नाही. मग चेनच उरते. त्यात शेतातून निघालेल्या ट्रॉल्यांचा चिखल डांबरावर पडतो, वाळून त्याची माती होते आणि पाइपलाइनसाठी खोदून तसाच ठेवलेला रस्ता वर्षभर धूळ पुरवतो. ती धूळ तेलात मिसळली की कानशीच. रस्ता बुजवायचं काम ज्याचं आहे त्याला या हजार-बाराशेचं बिल कुणी पाठवत नाही.

म्हणून दोन गोष्टी ठरवल्यात. एक, यापुढं दुचाकीच्या अपघाताची बातमी देताना मी गाडी बघायला जाणार आणि तपासणीत काय निघालं ते आठवड्यानं का होईना, छापायला देणार. संपादक साहेब ही पोस्ट वाचत असतील तर जागा ठेवा. दोन, मिस्त्रीला विनंती केली, तो तयार झाला. येत्या आठवडी बाजारादिवशी सकाळी दहा ते एक, त्याच्या गॅरेजवर कुणाचीही चेन फुकट बघून देणार. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटानं मागं ओढायची, दात अर्धा उघडा पडला तर समजायचं संपली. घरीही बघता येतं, पण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांची चेन कव्हरात झाकलेली असते, ते खोलावं लागतं.

आईला सांगितलं नवीन चेन टाकली. ती म्हणाली, “जुनी कुठाय?” मिस्त्रीकडून आणून दाखवली. हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, “एवढ्याशा तुकड्यासाठी बाराशे वाचवत होतास व्हय?”