राजकन्या दिल्या घरी

राजघराणी आता सामान्यांशी सोयरिकी करू लागली, तेव्हा काळ बदलला, असे म्हणण्याची एक पद्धत आहे. जपानपुरते बोलायचे तर हे अर्धेच खरे आहे.

१९५९ च्या एप्रिलमध्ये युवराज अकिहितो यांनी पिठाच्या गिरण्या चालवणाऱ्या एका उद्योगपतीची मुलगी पत्करली. टेनिसच्या मैदानावर जमलेले लग्न! दरबारातल्या सोवळ्या मंडळींनी नाके मुरडली. लोकांनी मात्र मिरवणूक पाहायला म्हणून घरी दूरचित्रवाणी संच आणले. या मिचिको पुढे सम्राज्ञी झाल्या. १९९३ मध्ये युवराज नारुहितो यांनी परराष्ट्र खात्यातल्या, हार्वर्डमध्ये शिकलेल्या मासाको यांच्याशी विवाह केला, तेव्हाही असेच कौतुक झाले. (वारस मुलगा हवा, या दडपणाखाली त्या पुढे कशा कोमेजल्या, तेही जगाने पाहिले.)

सून बाहेरून आलेली चालते. लेकीचे काय? १९४७ चा राजगृह कायदा सांगतो की, घराण्याबाहेर लग्न करणारी राजकन्या घराण्यातून वजा. त्याच वर्षी घराण्याच्या अकरा शाखाही छाटल्या गेल्या. म्हणजे तिने लग्न करावे असा घराण्यातला मुलगाच उरला नाही. आपल्याकडे ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणतात, पण माहेरपणाला बोलावतात तरी! २००५ मध्ये राजकन्या सायाको यांनी टोकियो महापालिकेतल्या कर्मचाऱ्याशी लग्न केले, ते आधी मोटार चालवायला शिकून.

२०२१ मध्ये राजकन्या माको यांनी याच कायद्याचा निराळाच उपयोग केला. महाविद्यालयातल्या मित्राशी त्यांचे लग्न ठरले होते, पण त्याच्या आईच्या पैशाच्या व्यवहारावरून वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे राळ उडवली. अखेर ना विधी, ना मेजवानी, नुसती नोंदणी. निरोपादाखल मिळणारी सुमारे पंधरा कोटी येनची रक्कमही त्यांनी नाकारली आणि नवऱ्याबरोबर न्यूयॉर्क गाठले. मला मिचिको यांच्या मिरवणुकीपेक्षा हे लग्न अधिक आधुनिक वाटते.

स्वीडनच्या युवराज्ञी व्हिक्टोरिया यांनी २०१० मध्ये आपल्या व्यायामशिक्षकाशी लग्न केले. तो राजपुत्र झाला, त्या वारस राहिल्या. जपानमध्येही २००५ साली एका समितीने मुलींना गादीचा हक्क द्यावा असे सुचवले होते. पुढच्याच वर्षी नारुहितो यांच्या धाकट्या भावाला मुलगा झाला आणि तो विषय गुंडाळून ठेवण्यात आला. नारुहितो यांची एकुलती एक कन्या आइको तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती.