वाफ जिरल्याशिवाय झाकण नको



आपल्यातील कितीतरी घरांची चूल आज गाडीच्या चाकांवर पेटते. कोणी टेम्पो चालवितो, कोणी प्रवासी जीप, तर कोणी कर्ज काढून टॅक्सी घेतलेली असते. अशा घरात इंजिन जळाले म्हणजे धंदा थांबतो. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून आज गाडी तापण्याविषयी दोन शब्द.

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण तिसरा हिस्सा इंजिनात खेळणारे पाणी वाहून नेते. पंप ते फिरवितो आणि रेडिएटरमध्ये वारा व पंखा ते थंड करतात. यापैकी एकाने काम सोडले की काटा वर चढतो.

गाडी कोठे तापते, यावरून दोषाचा अंदाज येतो. दिघीच्या जेटीवर आगरदांड्याच्या फेरीबोटीसाठी उभी असताना तापली, तर आधी पंखा तपासावा. उभ्या गाडीला वारा मिळत नाही, सगळा भार पंख्यावर असतो. माणगावहून पुण्याकडे जाताना ताम्हिणीच्या चढावर भरलेली गाडी तापली, तर पाणी कमी असेल, रेडिएटर चोंदला असेल किंवा पंप, थर्मोस्टॅट बिघडला असेल. किनाऱ्यावरील विहिरींचे मचूळ पाणी रेडिएटरमध्ये रोज ओतू नये. त्यातील क्षार आत साचतात व धातू गंजतो. कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरावे. मात्र ते विषारी असते व चवीला गोड लागते, म्हणून डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

काटा लाल रेषेकडे गेला की एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी व इंजिन बंद करावे. "एवढा चढ काढू" म्हणून पुढे रेटले, तर हेड वाकते, गॅस्केट जाते. जेथे एक पाइप बदलून भागले असते, तेथे इंजिन उतरवावे लागते. एक फेरी बुडणे आणि इंजिन बुडणे यांचा हिशोब ज्याने त्याने मांडावा. प्रवाशांनीही अशा वेळी चालकामागे घाई लावू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रेडिएटरचे झाकण. माताभगिनींना हे लगेच पटेल. वाफ जिरल्याशिवाय आपण कुकर उघडतो काय? रेडिएटरही कुकरच आहे. आत दाब असल्याने पाणी 100 अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरविताच दाब सुटतो, पाण्याची वाफ होते आणि उकळते पाणी तोंडावर, छातीवर उडते. निदान अर्धा तास थांबावे. पाइप हाताला गार लागला, तरच जाड फडके धरून झाकण हळूहळू सैल करावे.

रोज सकाळी गाडी थंड असताना पाण्याची पातळी, पट्टा व पाइप पाहण्यास पाचच मिनिटे लागतात. आपल्या घरात चालक असेल, तर आज जेवताना त्याला हे वाचून दाखवा.