दुकानात आधी तार, मग वायफाय

उन्हाळ्यात बांधकामाचा हंगाम जोरात असतो. अशाच दिवसांत आमच्या ओळखीच्या एका लोखंड-सिमेंटच्या दुकानात आम्ही तासभर बसलो होतो. गल्ल्यावर एक संगणक, मागच्या गोदामात दुसरा. गल्ल्यावर बिल झाले की गोदामात माल सोडण्याची चिठ्ठी छापली जावी, अशी व्यवस्था. पण चिठ्ठी काही निघेना. हमाल उभे, ट्रॅक्टर उभा, गिऱ्हाईक कुरकुरते आहे, आणि मालक "नेट गेले, नेट गेले" म्हणत फोन लावत आहेत. शेवटी मुलगा कागदावर हाताने लिहून गोदामाकडे पळाला.

नेट गेलेच नव्हते. गल्ल्यावरच्या मोबाईलवर ते व्यवस्थित चालू होते. वायफायची पेटी दुकानाच्या दर्शनी भागात होती आणि गोदामाचा संगणक टिनाच्या भिंतीपलीकडे, सळया व पत्र्यांच्या थप्पीमागे. लोखंडी पत्रा या लहरींना जवळपास पलीकडे जाऊच देत नाही. पुढे पंचवीस मीटर केबल टाकली आणि तक्रार मिटली. मधल्या काळात किती गिऱ्हाईक परत गेले असेल, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंटरनेट वेगळे आणि दुकानातील जाळे वेगळे. दोन संगणक आणि एक प्रिंटर यांनी आपसात बोलावे, यासाठी बाहेरच्या इंटरनेटची गरजच नाही. बिलाचा हिशेब दुकानातल्याच संगणकात असेल, तर बाहेरची लाइन तुटली तरी बिल निघते, चिठ्ठी छापते. ई-वे बिल काढायला इंटरनेट लागते, हे खरे. पण रोजच्या शंभर कामांपैकी बरीचशी दुकानाच्या चार भिंतींतच होतात.

सामानही फार नाही. बाहेरची लाइन ज्या पेटीत येते तो राऊटर. त्याला मागे सहसा तीन-चार केबल लागतात. जास्त यंत्रे असतील तर स्विच नावाची साधी पेटी घ्यावी. जुन्या बाजारात हब नावाची पेटी स्वस्तात मिळते, ती घेऊ नये. हब आलेला निरोप सगळ्या यंत्रांकडे भिरकावतो, स्विच ज्याचा त्यालाच पोचवतो. उरली केबल. कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल एका टप्प्यात १०० मीटरपर्यंत चालते, आणि आपल्याकडची दुकाने सहसा त्यापेक्षा लांब नसतात.

आमचे मत सरळ आहे. जे यंत्र जागचे हलत नाही त्याला तार, जे हातात फिरते त्याला वायफाय. गल्ल्याचा संगणक, प्रिंटर, कॅमेऱ्याचे रेकॉर्डर ही जागची यंत्रे. यांना वायफायवर ठेवणे म्हणजे विहीर शेजारी असून टँकरची वाट पाहणे होय. शिवाय वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांना न अडवणाऱ्या वाटा तीनच आहेत. बाजारओळीत भिंतीला भिंत लागून दहा दुकाने आणि दहा पेट्या असतील, तर सगळ्यांची तिथे गर्दी होते. महागडी पेटी आणली तरी शेजाऱ्याची पेटी काही बंद होत नाही.

यावर आम्हाला वारणेचे उदाहरण देण्यात आले. कोल्हापूर-सांगलीकडील वारणा परिसरात १९९८ मध्ये सुमारे ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकांची माहिती गावोगावच्या केंद्रांतील संगणकांवरून कारखान्याशी जोडली गेली. पुढे काही गावांत हेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहण्यात आले आणि ते जमलेही. मग तारेचा आग्रह कशाला, असा प्रश्न. पण तिथे पाठवायचे काय होते? उसाचे वजन, खताची उधारी, असे चार आकडे, तेही मैलोन्‌मैल दूर. दुकानातले अंतर वीस पावलांचे आणि कामे दिवसभर अखंड. तेथील अनुभव खोटा नाही, तो इथे लागू पडत नाही एवढेच.

बिनतारी सोय कुठे योग्य, तेही सांगतो. दुकान रस्त्याच्या अलीकडे आणि गोदाम पलीकडे असेल, तर सार्वजनिक रस्त्यावरून तांब्याची केबल लोंबकळत नेऊ नका. मृगाच्या आधी आपल्याकडे विजा कशा पडतात ते सर्वांना ठाऊक आहे. जवळपास वीज पडली तरी त्या केबलवाटे दोन्हीकडची यंत्रे जळू शकतात. तिथे समोरासमोर दिसणाऱ्या दोन बिनतारी पेट्या लावाव्या किंवा फायबर टाकावी.

खरेदी करताना फसवणूक केबलमध्ये फार होते. तांब्याची म्हणून विकली जाणारी स्वस्त केबल आतून ॲल्युमिनियमची असते, वर तांब्याचा मुलामा. एक तार सुरीने खरवडून पाहा. आत पांढरी दिसली तर परत करा. अशी तार लवकर तुटते, आणि कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज द्यायची असेल तर ती तापते.

आता आमच्या कारागीर तरुणांसाठी. लाइट फिटिंग आणि मोबाईल दुरुस्ती करणारी कितीतरी मुले आपल्या मोहल्ल्यांत आहेत, तरी केबल टाकायला अनेकदा अकोल्याहून माणूस बोलावला जातो. हत्यारे मोजकीच लागतात: जॅक दाबण्याची पकड, दिव्यांचा टेस्टर, तार बसवण्याचे पंच. आठ तारांचा प्रचलित क्रम असा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नये, कारण बाहेरचा व्यत्यय तो पीळच थोपवतो. विजेच्या तारेच्या पाइपातून ही केबल कधीही नेऊ नये.

काम झाल्यावर दुकानदारांनी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबराची चिठ्ठी लावून घ्यावी आणि कोणती केबल कुठे जाते त्याचा साधा नकाशा गल्ल्यात ठेवावा. राऊटर आणि स्विच छोट्या बॅटरीवर घ्यावेत, नाहीतर लाइट गेल्यावर संगणक इन्व्हर्टरवर चालू आणि जाळे बंद, असे होते. वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला असेल तर तो आजच पुसावा. गिऱ्हाइकांसाठी पाहुण्यांचे वेगळे वायफाय बहुतेक पेट्यांत देता येते.