खरेदीनंतरची कॉफी, घराजवळची

तुळशीबागेतली खरेदी कोरड्या तोंडानं संपवायची पुणेकरांना सवय नाही. बांगड्या, पितळी भांडी, ब्लाउजपीस घेऊन झाले की पावलं श्रीकृष्ण भुवनच्या मिसळीकडे नाहीतर कावऱ्यांच्या आइस्क्रीमकडे वळतात. कॅम्पात हेच काम मार्झोरिनचं सँडविच आणि कोल्ड कॉफी करतात, डेक्कनला १९३५पासूनचं गुडलक. बसायची जागा हा पुण्यात बाजाराचाच एक भाग आहे.

विश्रांतवाडीकरांना मात्र पुढे परतीचा प्रवास असतो. २९ सप्टेंबर २०२४पासून मेट्रो भुयारातून मंडईपर्यंत आणि पुढे स्वारगेटला धावू लागली. आता येरवडा स्थानकात चढायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची आणि तुळशीबागेच्या दाराशी उतरायचं. पण येताना येरवड्याहून पुढे बस किंवा रिक्षा आहेच. दोन्ही हातांत पिशव्या, संध्याकाळची गर्दी, त्यामुळे शहरात टेकणं राहून जातं. घरी पोचल्यावर चहाचं आधण ठेवतं कोण, तर तीच दमलेली बाई.

धानोरी-टिंगरेनगरातल्या चार मैत्रिणींनी गेल्या शनिवारी हा शिरस्ता मोडला. लग्नाची खरेदी उरकून परतताना त्यांनी रिक्षा विश्रांतवाडीतच थांबवली आणि नव्यानं उघडलेल्या कॉफी शॉपमध्ये शिरल्या. एकीला आधी घरी जायचं होतं, दुसरीनं तिच्या हातातली पिशवी काढून खुर्चीवर ठेवली आणि विषय संपला.

मेन्यूवरचे आकडे बघून मात्र चौघी जरा गप्प झाल्या. चौकातल्या अमृततुल्यात तेवढ्या पैशांत सगळ्यांचा चहा होऊन वर पैसे उरले असते. हिशेब बरोबर आहे, पण अर्धवट आहे. अमृततुल्यात उभ्यानं चहा घ्यायचा आणि निघायचं. इथं तासभर कोणी उठवत नाही, पंखा डोक्यावर आहे आणि स्वच्छ स्वच्छतागृह आहे. दिवसभर पेठांमधून हिंडलेल्या बाईसाठी ही शेवटची गोष्ट किती मोलाची असते, ते तिलाच विचारावं. कॉफीच्या किमतीत हे सगळं धरलेलं असतं, आणि ते देताना संकोच वाटायचं काही कारण नाही.

एकीनं यादीतली सगळ्यात स्वस्त म्हणून एस्प्रेसो मागवली. आली ती जेमतेम ३० मिलीलिटर, काळी आणि कडू. अनेकांची पहिली गाठ अशीच पडते. बारीक दळलेल्या कॉफीतून साधारण ९ बार दाबानं २५ ते ३० सेकंद गरम पाणी ढकललं की हा अर्क उतरतो. कॅपुचिनो, लाटे, फ्लॅट व्हाइट या त्याच अर्काच्या लेकी, फरक दुधाचा आणि फेसाचा. काउंटरवरच्या मुलानं न मागता गरम दुधाचा छोटा जग आणून ठेवला. दुकान चांगलं की वाईट, ते अशा वेळी कळतं.

मराठी घरातल्या जिभेला ही चव परकी वाटते याचं कारण स्वयंपाकघरातच आहे. आपल्याकडे कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, भरपूर साखरेची, वर जायफळ किसलेली. चहा रोजचा, कॉफी पाहुण्यांसाठी, जागरणासाठी, नाहीतर कुणाला बरं नसताना. तिच्यात कॉफीचा वास जायफळानंतर येतो. चौघींपैकी एक तमिळ घरातली. दिघी, कळस, लोहगाव या पट्ट्यात लष्करी आणि संरक्षण खात्याच्या नोकऱ्यांमुळे देशभरातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यातलं तिचं एक. तिच्या घरी रात्री पितळी फिल्टरमध्ये पूड भरून सकाळी डिकॉक्शन काढतात, चिकोरी किती यावर वाद घालतात. तिनं कपाचा वास घेतला आणि काउंटरवर जाऊन दोनच गोष्टी विचारल्या: बिया कुठल्या आणि भाजल्या कधी? बिया चिकमगळूरच्या निघाल्या.

हे प्रश्न प्रत्येकानं विचारावेत. भाजलेली कॉफी काही आठवड्यांत सुगंध गमावू लागते, म्हणून पाकिटावरची तारीख किमतीइतकीच महत्त्वाची. भारतातली साधारण ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. बाबा बुदान यांनी येमेनहून सात बिया आणल्याची आख्यायिका तिथल्याच डोंगरांची. २०१९मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी आणि अराकूच्या अरेबिकाला व वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या राज्यातही मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफी होते, हे टेबलावर फक्त एकीलाच ठाऊक होतं. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं, तेव्हा संध्याकाळी सहानंतर तेही विचारून घ्यावं.

बिलावर ५ टक्के जीएसटी होता, सेवाशुल्क नव्हतं. ते कुठं लावलेलं दिसलं तर काढायला सांगता येतं; ते सक्तीचं करता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये स्पष्ट केलं आहे.

चौघींचा निकाल असा: कॅपुचिनो उत्तम, सँडविच बेताचं, जागा पुन्हा येण्यासारखी. या परिसरात अशी दुकानं टिकायला हवीत, आणि ती टिकतील शेजारच्या सोसायट्यांमधल्या गिऱ्हाइकांवर. म्हणून मालकांना एक विनंती. मेन्यू मराठीतही छापा, प्रत्येक पेयापुढे त्यात दूध किती आणि कप केवढा ते लिहा, आणि यादीत एक साधी फिल्टर कॉफी व एक जायफळाची कॉफी परवडणाऱ्या दरात ठेवा.